सॉल्ट क्लोरिनेटर: पंपाचे तास वाढवावेत की उत्पादनाची टक्केवारी?

कासारवडवलीकर, ठाणे पश्चिम

सर्वांना नमस्कार. घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या पोडियमवर उघडा जलतरण तलाव आहे. लांबी २० मीटर, रुंदी ८ मीटर आणि सरासरी खोली सव्वा मीटर, म्हणजे पाणी साधारण २०० घनमीटर, दोन लाख लिटर. पूर्वी आम्ही ब्लीचिंग पावडर आणि गोळ्या वापरत होतो. आता पाण्यात विरघळवलेल्या मिठापासून विजेने क्लोरीन बनवणारा सॉल्ट क्लोरिनेटर बसवला आहे आणि त्याच्या सेलवर, म्हणजे क्लोरीन बनवणाऱ्या पट्ट्यांच्या भागावर, ताशी ८० ग्रॅम क्लोरीन अशी क्षमता छापलेली आहे. मिठाचे प्रमाण यंत्र ३,३०० पीपीएम (दर घनमीटरला इतके ग्रॅम) दाखवते. पंप पाच अश्वशक्तीचा असून तो ताशी सुमारे ४० घनमीटर पाणी फिरवतो.

सध्या पंप सकाळी ६ ते रात्री १० असा सलग सोळा तास चालतो आणि क्लोरिनेटर ४० टक्क्यांवर ठेवलेला आहे. तरीही संध्याकाळी पाच वाजता, म्हणजे नेमकी लहान मुलांची बॅच पाण्यात उतरते तेव्हा, क्लोरीन ०.३ ते ०.५ पीपीएमच्या पुढे जात नाही. रात्री तलाव बंद झाल्यावर ऑपरेटर अंदाजाने लिक्विड क्लोरीन (सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण) ओततो, त्यामुळे सकाळी आकडा दोनच्या वर दिसतो, आणि दुपार सरेपर्यंत पुन्हा तळाला जातो. मुले पाण्यात असतानाच पाणी सर्वांत कमी सुरक्षित असावे, ही गोष्ट माझ्या मनाला पटत नाही.

कमिटीत यावर दोन मते पडली आहेत. काही सभासदांचे म्हणणे आहे की विजेचे बिल पाहता पंप आठ तासांवर आणावा आणि क्लोरिनेटर पूर्ण क्षमतेने चालवावा. इतरांना वाटते की शंभर टक्क्यांवर चालवल्यास महागडा सेल लवकर निकामी होईल, म्हणून टक्केवारी कमी ठेवून पंपाचे तास वाढवावेत. देखभालीचे कंत्राट घेतलेल्या माणसाला विचारले तर तो सांगतो, तासही तेवढेच ठेवा आणि टक्केही शंभर करा. जाणकारांनी कृपया हिशेबासह समजावून सांगावे.

---

पंपरूम, खारघर

नमस्कार. मी नवी मुंबईतील काही सोसायट्यांच्या तलावांची यंत्रणा सांभाळतो, त्यामुळे हा वाद माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. प्रथम टक्केवारीचा अर्थ पाहू. ४० टक्के म्हणजे सेल मंद आचेवर चालतो असे नाही. बहुतेक यंत्रांत सेल चालतो तेव्हा पूर्ण क्षमतेनेच चालतो, आणि ठरावीक कालचक्रातील ४० टक्के वेळ चालू, उरलेला वेळ बंद राहतो. आपल्या सेलचे आवरण पारदर्शक असेल तर त्याच्यासमोर थोडा वेळ उभे राहून पाहा. पट्ट्यांमधून दुधट दिसणारे अगदी बारीक बुडबुडे सुटताना दिसतील, मग ते थांबून पाणी नितळ होईल आणि काही वेळाने पुन्हा सुटू लागतील. ते बुडबुडे मुख्यतः हायड्रोजनचे असतात, आणि ते दिसतात तेवढाच वेळ क्लोरीन तयार होत असते.

म्हणून दिवसाचे उत्पादन म्हणजे पंपाचे तास, टक्केवारी आणि सेलची ताशी क्षमता यांचा गुणाकार. आपल्याकडे १६ तास, ०.४ आणि ८० ग्रॅम, म्हणजे दिवसाला ५१२ ग्रॅम. एका घनमीटरमध्ये एक ग्रॅम म्हणजे एक पीपीएम, तेव्हा २०० घनमीटरला हे सुमारे २.६ पीपीएम झाले. आता पंप आठ तासांवर आणून टक्केवारी ८० केली तरी उत्तर तेच येते, ५१२ ग्रॅम. सेल प्रत्यक्षात चालण्याचा वेळही दोन्ही वेळा तेवढाच, ६.४ तास. सेलचे आयुष्य त्याच्या चालू तासांवर मोजतात. चांगल्या सेलसाठी साधारण दहा हजार तास धरले तर या वेगाने तो चार वर्षांहून थोडा अधिक टिकेल, मग टक्केवारी ४० असो वा ८०. त्यामुळे जास्त टक्क्यांनी सेल लवकर संपतो हे म्हणणे टिकत नाही. जास्त ग्रॅम बनवले तर तो लवकर संपतो, हे मात्र खरे.

तरीही शंभर टक्क्यांवर कायम बसवण्याच्या मी विरोधात आहे, आणि त्याचे कारण वेगळे आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत गर्दी वाढली की उत्पादन वाढवायला हाताशी काही शिल्लक राहत नाही, आणि मग पंपाचे तासच वाढवावे लागतात. नेहमीच्या दिवसांत ५० ते ७० टक्क्यांच्या आसपास काम भागावे, असा पंपाचा वेळ निवडावा. विजेचा खर्च तर सगळा पंपाच्या तासांवर आहे. आपला पंप ताशी चार युनिटांच्या आसपास वीज घेत असणार, त्या तुलनेत सेलची वीज फार थोडी.

पण हे सगळे ठरवण्याआधी तलाव दिवसाला किती क्लोरीन खातो हे मोजले पाहिजे. लिक्विड क्लोरीन घालून पातळी तीन-चार पीपीएमवर आणा, सूर्यास्तानंतर सेल बंद करून पाणी नीट मिसळू द्या, मोजा, आणि पहाटे ऊन येण्यापूर्वी पुन्हा मोजा. रात्री ऊनही नाही आणि पोहणारेही नाहीत, तरीही एक पीपीएमहून अधिक घट झाली तर शेवाळ किंवा सेंद्रिय घाण क्लोरीन खात आहे असे समजा. तसे असेल तर तास आणि टक्क्यांचा कोणताही मेळ कामाला येणार नाही, आधी पाणी साफ करावे लागेल. रात्रीची घट किरकोळ असेल तर पुढे सोपे आहे. सकाळच्या आकड्यात दिवसभरात सेलने घातलेले पीपीएम मिळवा आणि त्यातून संध्याकाळचा आकडा वजा करा, की दिवसाची खपत मिळाली.

---

रसायन, सीवूड्स

खारघरच्या मित्रांनी मांडलेला हिशेब अचूक आहे. मी रसायनशास्त्र शिकवत असे, म्हणून त्यात एका गोष्टीची भर घालतो, कारण माझ्या मते आपल्या अडचणीचे मूळ तिथे असण्याची शक्यता मोठी आहे. आपल्या पाण्यात सायन्युरिक आम्ल, ज्याला बाजारात स्टॅबिलायझर म्हणतात, ते किती आहे?

पाण्यातील मोकळे क्लोरीन सूर्याच्या अतिनील किरणांनी फार वेगाने नष्ट होते. स्टॅबिलायझर मुळीच नसेल तर कडक उन्हात सुमारे अर्ध्या ते पाऊण तासात त्यातील निम्मे संपते. आपण आता मांडून पाहा. सेल ताशी ३२ ग्रॅम, म्हणजे ०.१६ पीपीएम घालतो आहे आणि दुपारचे ऊन त्याहून कितीतरी अधिक नेते आहे. अशा वेळी पंप सोळा तास चालवा की चोवीस तास, ते फुटक्या रांजणात पाणी भरण्यासारखेच होईल. पूर्वी गोळ्या वापरत होतात तेव्हा ही अडचण जाणवली नसणार, कारण टीसीसीएच्या (ट्रायक्लोरो आयसोसायन्युरिक आम्लाच्या) गोळ्यांतून क्लोरीनबरोबर सायन्युरिक आम्लही पाण्यात उतरते. दर दहा पीपीएम क्लोरीनमागे ते सुमारे सहा पीपीएम वाढते. मिठापासून बनणाऱ्या क्लोरीनमधून ते अजिबात येत नाही. पाणी बदलत जाते, बॅकवॉशमध्ये, म्हणजे फिल्टर उलट्या प्रवाहाने धुताना, थोडे थोडे निघून जाते, आणि काही महिन्यांत पूर्वीचा साठा संपतो.

घरगुती खाऱ्या तलावांसाठी ६० ते ८० पीपीएमची शिफारस अनेकदा वाचायला मिळते. सोसायटीच्या तलावात, जिथे रोज बरीच माणसे उतरतात, मी ३० ते ५० च्या पुढे जाण्याचा सल्ला देणार नाही. हे आम्ल क्लोरीनला धरून ठेवते, तसेच त्याचा जंतू मारण्याचा वेगही कमी करते, म्हणून स्टॅबिलायझर जितका अधिक, तितकी क्लोरीनची किमान पातळीही वर ठेवावी लागते. खाऱ्या तलावात मोकळे क्लोरीन स्टॅबिलायझरच्या निदान पाच टक्के असावे असा ठोकताळा आहे. स्टॅबिलायझर ४० असेल तर क्लोरीन दोनच्या खाली जाऊ देऊ नये.

मोजण्याबद्दलही एक विनंती. आपला ऑपरेटर पाणी पिवळे होणाऱ्या द्रावणाने तपासत असेल तर ते एकूण क्लोरीन दाखवते. त्यात घाम आणि लघवीतील नत्रयुक्त पदार्थांशी बांधले गेलेले, जवळजवळ निकामी झालेले क्लोरीनही मोजले जाते. पाणी गुलाबी होणारा डीपीडीचा संच घ्यावा. नमुना पृष्ठभागावरून न घेता हात कोपरापर्यंत पाण्यात घालून घ्यावा, आणि तोही पाणी परत येणाऱ्या तोंडांपासून दूर, कारण सेलमधून नुकतेच निघालेले पाणी त्या तोंडांजवळच मिसळत असते.

पीएचचेही इथेच सांगतो. सेल चालत असताना हायड्रोजनच्या बुडबुड्यांबरोबर पाण्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच हळूहळू चढतो. जितके ग्रॅम क्लोरीन बनवाल तितके बुडबुडे, आणि तितका पीएच वर. स्टॅबिलायझर योग्य ठेवून खपत घटवली की पीएच उतरवायचे ॲसिडही कमी लागते, हा मोठा फायदा आहे. एकूण अल्कलिनिटी (पाण्याची पीएचमधील बदल रोखण्याची क्षमता) ६० ते ८० पीपीएममध्ये ठेवली तर हा चढ बराच मंदावतो. ती १२० च्या पुढे असेल तर दर दोन दिवसांनी ॲसिड ओतत बसावे लागेल.

---

समिती सदस्या, माजिवडा

नमस्कार. सरांचे म्हणणे पूर्णपणे पटते. मात्र पंपाचे तास केवळ क्लोरीन आणि वीज यांवर ठरवू नयेत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. आमच्या सोसायटीत वीज वाचवण्यासाठी पंप रात्री आणि पहाटे चालवण्याचा ठराव आला होता. हिशेबात क्लोरीन बरोबर बसत होते, पण पोहण्याच्या वेळेत पंप बंद राहणार होता. अंगावरचे तेल, सनस्क्रीन, केस, घाम हे सगळे वरच्या थरात तरंगते, आणि ते काठावरून तलावाच्या कडेच्या पन्हळीत ओढून फिल्टरकडे नेण्याचे काम पंप चालू असतानाच होते. शिवाय क्लोरीन आहे आणि ते सगळीकडे पोहोचत नाही, अशी स्थिती लहान मुलांच्या उथळ भागात सर्वांत आधी येते. त्यामुळे तलावात माणसे असतील तोवर पंप चालू राहिलाच पाहिजे, यावर मी तडजोड करणार नाही.

आपल्याकडे सकाळची आणि संध्याकाळची अशा दोनच बॅच असतील तर पहाटे साडेपाच ते साडेदहा आणि दुपारी साडेतीन ते रात्री साडेनऊ, असे अकरा तास होतात. ताशी ४० घनमीटरने ४४० घनमीटर, म्हणजे तलावाचे पाणी दोनदा फिरून थोडे वर जाते. संध्याकाळच्या बॅचपूर्वी दीड तास सेल चालून झालेला असतो. टक्केवारी मग या अकरा तासांत बसवा. आठ तास मात्र मला कमी वाटतात, कारण त्यांत पाण्याचे दीड फेऱ्याहून थोडेसेच अधिक होते.

घोडबंदरकडच्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट. आपल्याकडे तलाव भरायला टँकरचे पाणी येत असेल आणि ते बोअरवेलचे असेल, तर कॅल्शियमवर लक्ष ठेवा. नवी मुंबईत मोरबे धरणाचे पाणी मिळणाऱ्यांना हा त्रास एवढा होत नाही. जड पाणी आणि चढलेला पीएच एकत्र आले की सेलच्या पट्ट्यांवर पांढरी खरवड धरते आणि छापील ८० ग्रॅम कागदावरच राहतात. यंत्र ठरावीक वेळाने ध्रुव उलटे करून ती झाडते, पण सगळी निघत नाही. महिन्यातून एकदा सेल काढून उजेडासमोर धरून पाहावा. पट्ट्यांमध्ये पांढरे दिसले तर सौम्य केलेल्या ॲसिडमध्ये थोडा वेळ बुडवावा. ॲसिड नेहमी पाण्यात घालायचे, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही, आणि हे काम बंद पंपरूममध्ये न करता मोकळ्या हवेत करायचे. लोखंडी वस्तूने खरवडू नये. पट्ट्यांवरचा मौल्यवान धातूचा लेप गेला की सेल गेलाच.

मीठही शुद्ध घ्यावे. भाईंदर-उरणकडच्या मिठागरांतले खडे मीठ स्वस्त पडते म्हणून काही जण तेच ओततात, पण त्यासोबत मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि माती येते, आणि ती सगळी शेवटी सेलवर आणि फिल्टरमध्ये जाऊन बसते.

---

कासारवडवलीकर, ठाणे पश्चिम

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे तपासण्या करून घेतल्या. स्टॅबिलायझर संचाच्या सर्वांत खालच्या खुणेपर्यंतही पोहोचला नाही, म्हणजे सरांचा तर्क अचूक ठरला. रात्रीची घट ०.३ पीपीएम एवढीच निघाली, तेव्हा शेवाळाचा प्रश्न नाही. ३० पीपीएमसाठी सहा किलो स्टॅबिलायझर कापडी पिशवीत बांधून बॅलन्सिंग टँकमध्ये (काठावरून वाहिलेले पाणी जमा होते त्या टाकीत) पाण्याच्या प्रवाहात टांगला. तो विरघळायला बराच वेळ घेतो, म्हणून लगेच पुन्हा मोजण्याची घाई केली नाही.

आता दिवसाची खपत सुमारे २.५ पीपीएम येते, म्हणजे ५०० ग्रॅम, म्हणजे सेलचे सव्वासहा तास. माजिवड्याच्या ताईंनी सुचवलेले अकरा तास धरले तर टक्केवारी ५७ येते, ती ६० वर ठेवली आहे. दुपारी पाच तास सेल बंद असूनही संध्याकाळी पाच वाजता मोकळे क्लोरीन दोनच्या वर मिळते, आणि रात्री लिक्विड क्लोरीन ओतण्याची गरज उरलेली नाही. पंपाचे पाच तास वाचल्याने दिवसाला वीस युनिटांच्या आसपास बचत होते, त्यामुळे विजेची काळजी असलेले सभासदही राजी झाले. डीपीडीचा संच आणला असून सकाळ-संध्याकाळचे आकडे तलावाजवळच्या फलकावर लिहिण्याची पद्धत सुरू केली आहे. मुलांचे पालक ते थांबून वाचतात, हे पाहून बरे वाटते.

आता जून जवळ येतो आहे. पावसाळ्यात हेच सेटिंग चालेल का?

---

पंपरूम, खारघर

नाही, पावसाळ्यात ते बदलावे लागेल, आणि दोन बाजूंनी. ढगाळ हवेत ऊन कमी आणि पोहणारेही कमी, त्यामुळे खपत उतरते. तेव्हा पंपाचे तास फारसे न छेडता टक्केवारी खाली आणा, ३० ते ४० पासून सुरुवात करून फलकावरच्या आकड्यांनुसार पुढे-मागे करा. पंप कमी केला तर पावसाबरोबर येणारी धूळ आणि पालापाचोळा पाण्यातच राहतो, म्हणून कात्री टक्क्यांना लावायची.

दुसरी बाजू मिठाची. आपला तलाव काठावरून वाहणारा आहे, म्हणजे पडणाऱ्या पावसाइतके पाणी शेवटी बॅलन्सिंग टँकमधून ओसंडून जाते. आपल्या १६० चौरस मीटरवर ३०० मिलिमीटर पाऊस झाला तर ४८ घनमीटर पाणी बदलते, आणि ठाण्यात जुलैमध्ये एवढा पाऊस पडायला फार दिवस लागत नाहीत. पाणी मिसळत मिसळत जात असल्याने मीठ सुमारे एक पंचमांश कमी होते, ३,३०० वरून २,६०० च्या आसपास. त्या पातळीला बरीच यंत्रे कमी मिठाचा इशारा देऊन उत्पादन थांबवतात. परत आणायला ७०० पीपीएम गुणिले २०० घनमीटर, म्हणजे १४० किलो मीठ लागेल. प्रत्येक सरीनंतर ओतू नका, नाहीतर ते पुढच्या सरीबरोबर वाहून जाईल. यंत्राच्या पुस्तिकेतील किमान मर्यादेच्या थोडे वर टिकेल एवढेच पावसाळ्यात घाला आणि उरलेली भर सप्टेंबरनंतर. मीठ घातल्यावर ते पूर्ण विरघळून मिसळेपर्यंत सेल बंद ठेवा. मिठाचा आकडा यंत्रावरच न विसंबता वेगळ्या मीटरनेही पडताळा, कारण खरवड धरलेला सेलही मीठ कमी आहे असेच दाखवतो.

---

रसायन, सीवूड्स

त्याच प्रमाणात स्टॅबिलायझरही वाहून जाईल, हे ध्यानात ठेवावे. भर पावसात तो थोडा कमी असला तरी चालेल, पण ऑक्टोबरचे ऊन सुरू होण्यापूर्वी मोजून ३० वर आणावा, नाहीतर संध्याकाळचे आकडे पुन्हा पहिल्यासारखे कोसळतील आणि दोष सेलला दिला जाईल.

आणखी एक सूचना. रात्रीची गरज संपली म्हणून लिक्विड क्लोरीनचा साठा काढून टाकू नका. लहान मुलाकडून पाण्यात शी झाली, किंवा मुसळधार पावसानंतर पाणी हिरवट दिसू लागले, तर पातळी ताबडतोब वर न्यावी लागते. आपल्या तलावात पाच पीपीएम वाढवायला एक किलो क्लोरीन हवे. सेल शंभर टक्क्यांवर चालवला तरी त्याला साडेबारा तास लागतील, आणि दहा टक्क्यांच्या ताज्या लिक्विड क्लोरीनचे दहा लिटर हेच काम लगेच करतात. कॅन सावलीत आणि ॲसिडपासून वेगळ्या खोलीत ठेवावेत, कारण दोन्ही एकत्र सांडले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. साठाही थोडाच ठेवावा, आपल्या हवेत त्याची ताकद काही आठवड्यांतच उतरते.